बुरुजाजवळची फट

“…दर साली बोटभर बाहेर जातोय म्हणे, आणि यंदा तर…”

एवढंच माझ्या कानावर आलं. बोलणाऱ्या दोघी छावणीच्या कोपऱ्यावर वळल्या, आणि पुढचं त्यांच्याबरोबरच गेलं.

बोलणं आमच्या समोरच्या चर्चच्या बुरुजाचं होतं. चर्च म्हणजे पूर्वीचं. गोऱ्या पलटणीने बांधलेलं. प्रार्थना बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली. आता तिथे वाचनालय आहे, आणि वेदीच्या जागी वर्तमानपत्रांचं टेबल.

बुरुज पडला तर आधी माझ्याच अंगणात पडेल. तेव्हा चौकशीचा हक्क माझा. चहाची किटली उचलली आणि गेले.

आत एलिया मिस्त्री बाकावर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, सगळा जन्म चुन्या-दगडात गेलेला. समोर निनाद खरवंडीकर उभा. यानेच दोन वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली चुना कालवला, मग पुण्याला जाऊन जुन्या इमारतींचा इंजिनियर होऊन आला. हातात कागद.

“सांगा ना मिस्त्री, सही करू की नको?”

“कशावर?”

“बुरुज उतरवावा, असा अहवाल आहे माझा. उद्या द्यायचाय. सही झाली की सोमवारी पाडायला माणसं येतील.”

“मग कर की. शिकलेला तू.”

निनादला ते लागलं.

“मी सगळं तपासलंय. मूळ चर्च आधीचं, बुरुज अकरा वर्षांनी जोडलेला. दगड तोच काळा, टोकदार कमानी त्याच, पण पाया वेगळा. आणि दोघांच्या सांध्यात तुमच्या जुन्या लोकांनी चुनाच घातला नाही. फट कोरडी सोडून दिली. केवढी चूक!”

“माझा पणजा होता त्या कामावर.”

“मग पणजोबांची चूक.”

मी कपात ओतत होते, तो चहा बशीत गेला.

मिस्त्री हसले. “बरं. मग तू काय केलंस?”

“तीन वर्षं फट भरतोय. स्वतः, या हातांनी. तुम्ही शिकवलात तसाच मुरवलेला चुना. तरी दर वर्षी बुरुज आणखी सरकलेला. मोजलंय मी. तीन वर्षांत एक बोट.”

म्हणजे बाया अगदीच खोटं बोलत नव्हत्या! मला माझं अंगण दिसायला लागलं.

“भरतोस कधी?”

“जानेवारीत. थंडीत फट रुंद होते, चुना आतपर्यंत जातो. यंदा अहवालासाठी थांबलो.”



मिस्त्री उठले, काठी टेकत बाहेर आले. फेब्रुवारीची सकाळ, बुरुजावर ऊन अजून यायचं होतं.

“तुझी ती पोलादी मोजपट्टी फटीत घाल. बेताची बसेल अशा जागी.”

निनादने घातली.

“काढ.”

निघाली.

“परत घाल. आता बाईंचा चहा पी, पेपर वाच. तीन वाजता काढ.”

“मिस्त्री, एवढा वेळ नाहीये मला.”

“पाडायला आहे ना?”

निनादने पट्टी परत घातली.

तीन वाजता काळा दगड असा तापला होता की हात ठेववेना. निनादने पट्टी ओढली. हलेना. भिंतीला पाय लावून ओढली. तरी नाही. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला.

“अडकली.”

“कोणी धरली?”

निनादने बुरुजाकडे पाहिलं, मग चर्चच्या भिंतीकडे.

“ऊन लागलं की दोघं फुगतात,” तो हळूच म्हणाला. “थंडीत आखडतात.”

“आणि आखडले की मध्ये तू काय कोंबतोस?”

निनाद पायरीवर बसला. कागद मांडीवर पालथा.

“म्हणजे बुरुज… मीच ढकलला. तीन उन्हाळे.”

मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मला राहवेना. “पण मिस्त्री, पडणार का तो? लोक म्हणतात…”

“सरकलाय, हे खरं बाई. पडत नाही. काल ओळंब्याची दोरी सोडून पाहिलाय मी, वजन अजून पायावरच आहे.”

“काल?” निनादने मान वर केली. “मग सकाळीच का नाही सांगितलंत?”

“तू ‘सही करू का’ एवढंच विचारलंस.”

निनादने खिशातून पेन काढलं, अहवालाच्या पहिल्या पानावर आडवी रेघ ओढली. मग फटीकडे वळला.

“तीन वर्षांचा चुना उकरून काढतो. मग त्या जागी काय भरू, मिस्त्री?”

“काही नको. रिकामी ठेव. उन्हाळ्यात दोघांना ती लागते.”