विसळलेली वाटी

एका राज्यात ऊन फार, पण तहानेने तिथे कोणी कधी तळमळलं नव्हतं. दारोदारी ओल्या वाळूत रुतवलेले माठ, माठांत वाळ्याच्या जुड्या. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी जिरं लावलेलं ताक, उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा नि पाणी, मग विचारपूस. कोणाकडे कोकमाचं सरबत, कोणाकडे सब्जा घातलेलं दूध, कोणाकडे नुसती मीठ लावलेली काकडी. ज्याला जे जमे ते, पण गार असे.

त्या राज्याचा राजा भानुसेन, राणी वेणुमती. राणी व्रतवैकल्यं करणारी, हाताची सढळ, आणि राजावर जीव टाकणारी.

चैत्रात राणी गौर मांडी, हळदीकुंकू करी, आंब्याची डाळ नि पन्हं वाटी. त्या राज्याची एक रीत होती. पन्ह्याची एक चांदीची वाटी भरून गौरीपुढे झाकून ठेवायची. ती न बोलावता येणाऱ्या सवाष्णीची. आली तर तिला, नाही आली तर दिवेलागणीला तुळशीला. मध्ये कोणी हात लावायचा नाही.

एके वर्षी बायका ओट्या घेऊन गेल्या, पन्ह्याचं पातेलं रिकामं झालं, आणि भर दुपारचा राजा उन्हातून आला. चेहरा तांब्यासारखा लाल.

"राणी, घसा सुकला. पन्हं आहे?"

तुळसा दासी म्हणाली, "सरलं, महाराज. बसा घटकाभर, ताक घुसळते."

"आणि ती झाकलेली वाटी?"

तुळसाने जीभ चावली. "ती परक्या सवाष्णीची, सरकार. तिच्याकडे बघूसुद्धा नये."

राणीने राजाकडे पाहिलं. तिला राहवेना. "या उन्हात आता कोण यायचं आहे?" असं म्हणून तिने आपल्या हाताने झाकण काढलं. राजा एका घोटात प्यायला.

तो वाटी खाली ठेवतो न ठेवतो, तोच दारात एक बाई उभी. वाळल्या गवताच्या रंगाचं लुगडं, कपाळी ओलं कुंकू. ऊन तिच्या पाठीवर होतं, पण पुढ्यातल्या फरशीवर सावली नव्हती.

"गौरीची पाहुणी आहे," बाई म्हणाली. "माझी वाटी?"

राणीला लाज वाटली. 'बसा बाई, नवं करते' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तिने पाठ वळवली, त्याच वाटीत पाणी ओतलं, वाटी विसळली, तळाचा पिवळसर रंग वर आला, आणि ती पाहुणीच्या हाती दिली.

पाहुणी सावकाश प्यायली. पिताना तिची नजर राणीवरून हलली नाही.

"विसळून दिलंस," ती म्हणाली. "आता तुमच्या राज्यालाही विसळलेलंच मिळेल. ओलं असेल, गार नसेल." वाटी घेऊन ती उन्हात उतरली आणि उन्हातच दिसेनाशी झाली.

त्या घडीपासून राज्यातला गारवा गेला. माठातलं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं लागू लागलं. ताकावर बुडबुडे येत. कलिंगड चिरलं की वाफ निघे, शहाळं फोडलं की हात भाजे. लोक पोटभर पीत आणि तहान आपली घशाशी बसून राही. कोणाला घाम येईना. पाळण्यातली पोरं रडत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी नसे. भर दुपारी गल्ल्या ओस पडत, आणि ओस गल्लीतून कोणी कोरड्या पायांनी चालल्याचा आवाज येई.

सगळ्यांत वाईट अवस्था राजाची. तो अंथरुणाला खिळला. राणी उशाशी बसून त्याची सावली पाही. ती आधी भिंतीपर्यंत जाई, मग पलंगाच्या पायापर्यंत, मग तिथवरही पोचेना.

एका दुपारी खिडकीत भारद्वाज येऊन बसला. डोळे गुंजेसारखे लाल. तो बोलू लागला.

"राणी, ती तहानबाई. सुकल्या तळ्याच्या तळाशी राहते. तुमचा गारवा तिने माठांत भरून ठेवलाय. राजाची सावली रोज थोडी तिच्याकडे जाते. सगळी गेली की राजा गेला."

"उपाय सांग, पक्षिराजा."

"तिच्या वाटीचं पन्हं तिला दे. सावली नसलेल्या झाडाची कैरी आण, केसांच्या विहिरीतला वाळा आण, मग तळ्यात उतर. वाटेत थेंब पिऊ नकोस. आणि केलेलं चाखू नकोस."

"चाखेन कशी? नैवेद्य आहे तो."

"बघू," भारद्वाज म्हणाला आणि उडाला.

राणीने पदराला गूळ नि मीठ बांधलं, पाण्याचा तांब्या घेतला, गौरीला हात जोडले आणि टळटळीत उन्हात निघाली.

माळावर आंब्याचं झाड होतं. झाड भरगच्च, खाली मात्र सावलीचा ठिपका नाही. फांद्यांवरच्या कैऱ्या हळू आवाजात "पाणी, पाणी" म्हणत होत्या. राणीच्या अंगावर काटा आला.

"कैरी हवी," ती म्हणाली.

"जन्मभर दुसऱ्यांना सावली दिली," झाड म्हणालं. "मला कोणी दिली नाही."

राणीने डोईचा पदर सोडला, बुंध्यावर धरला आणि डोकं उघडं टाकून उभी राहिली. ऊन टाळूतून टाचेपर्यंत उतरलं. हात भरून आले तरी पदर खाली आला नाही. मग एक कैरी आपण होऊन त्या पदरात पडली. ती कैरी पाणी मागत नव्हती.

पुढे विहीर. राणीने वाकून पाहिलं. विहीर लांब, काळ्या, हलणाऱ्या केसांनी भरलेली. खालून बायकांचे आवाज आले, "ओढू नकोस ग. सगळे ओढतात."

"मग काय करू, बायांनो?"

"विंचर."

राणी काठावर बसली. बोटांनी गुंता सोडवू लागली, लेकीचे केस विंचरावेत तशी. खालून कोणी उसासे टाकी, कोणी हुंदके देई, एक जण चक्क म्हणाली, "जरा डावीकडे, तिथे फार गुंता आहे." राणीला त्या भीतीतही हसू आलं. गुंता सुटला. बोटांत काही बटा राहिल्या, त्यांना वाळ्याचा वास होता.

मग ती सुकल्या तळ्यात उतरली. तळ भेगाळलेला, त्यावर काळ्या माठांच्या रांगाच रांगा, प्रत्येकाला पाझर फुटलेला. माठ तिला हाका मारीत होते. एका माठातून राजाचा आवाज आला, "वेणू, एक तांब्या भरून घे. मला पुरे होईल." राणीचे ओठ चिरले होते. तिने कान झाकले आणि चालत राहिली.

मधोमध तहानबाई बसली होती. पुढ्यात तीच चांदीची वाटी.

राणीने तापल्या मातीत कैरी पुरून भाजली, सोलली, गर कालवला. गूळ घातला, मीठ घातलं, तांब्यातलं पाणी घातलं, वाळा बुडवला. वाटी भरली. एकच वाटी झाली.

"चाखलंस?"

"नाही, बाई."

"आंबट असलं तर?"

"सांगा. गूळ आहे अजून."

तहानबाईने बाजूला बोट दाखवलं. तिथे राजाची सावली गुडघ्यांत मान घालून बसली होती. तिला एका हाताची बोटंच तेवढी नव्हती.

"तुझ्या नवऱ्याची तेवढी बोटंच उरलीत तिकडे," ती म्हणाली. "ही वाटी त्याला पाज. आत्ता उठेल. मी अडवणार नाही."

सावलीने मान वर केली. राणीने वाटी उचलली. ती सावलीकडे एक पाऊल गेलीही. मग थांबली. डोळ्यांत आसवं यायला हवी होती, पण ती कुठून येणार?

"त्यांनी एकदा तुमचा वाटा घेतला," राणी म्हणाली, "तो मीच दिला होता. आणि तुम्हाला विसळून दिलं, तेही मीच. पुन्हा तसं नाही करायची. आधी पाहुणी."

तिने वाटी दोन्ही हातांनी पुढे केली.

तहानबाई प्यायली, अगदी तळापर्यंत.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आणि तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला, कुंकवाला ओलांडून खाली उतरला. तो मातीवर पडताच सगळ्या माठांची झाकणं उडाली. गार झुळूक राणीच्या अंगावरून राज्याकडे धावत गेली. राणीने पाहिलं तेव्हा सावली जागेवर नव्हती, तहानबाईही नव्हती. रिकामी वाटी तेवढी होती.

राणी घरी पोचली तेव्हा राजा उठून बसला होता. गळ्यावर घाम, पाठीमागे भिंतभर सावली. तुळसा परातीत कलिंगड चिरत रडत होती नि म्हणत होती, "बघा तरी, राणीसाहेब, डोळ्यांतून खरंखुरं पाणी येतंय!"

त्या वर्षापासून त्या राज्यात परक्या सवाष्णीची वाटी सगळ्यांत आधी भरतात. दिवेलागणीला झाकण काढावं तर कधी पन्हं तसंच असतं, कधी वाटी कोरडी असते. कोणी विचारीत नाही. राणी मात्र म्हातारी झाली तरी त्या वाटीत मिठाचा एक खडा जास्त घालीत असे.

तहानबाई जशी तृप्त होऊन उठली, तसं तुमच्या आमच्या दारचं प्रत्येक तहानलेलं तृप्त होऊन उठो.