सर्वांत कमी बोली

खर्च कमी करायचा म्हणून आमच्या नगरपालिकेनं बालगृह बंद करायचं ठरवलं आणि अनाथ मुलं सांभाळायला निविदा मागवल्या. मुतारी रंगवायची असली तरी आम्ही निविदाच मागवतो. मुलींसाठी सर्वांत स्वस्त संस्था एका जिल्ह्यात निघाली, मुलग्यांसाठी दुसऱ्यात. त्यामुळे मंगल आणि तिचा धाकटा भाऊ दगडू यांची ताटातूट होणार होती.

बालगृह सांभाळणाऱ्या इंदुबाई सरळ सभेत आल्या.

"साहेब, ही सख्खी भावंडं आहेत. एकत्र राहू द्या."

नगराध्यक्ष नानासाहेब हसले. "बाई, सर्वांत कमी दर, हा नियम आहे. नियमाला भाऊबहीण नसतात."

"मग त्यांना कोंडवाड्यात घाला."

सगळे दचकले. नानासाहेब ओरडले, "पोरांना मोकाट गुरांच्या कोंडवाड्यात? शुद्धीवर आहात ना?"

"तिथं गाय आणि वासरू वेगळं बांधत नाहीत. तुमचाच ठराव आहे."

बाई आता सापडल्या, असं नानासाहेबांना वाटलं. "आणि मालक आला नाही, तर जनावराचा लिलाव होतो, तो ठराव विसरलात?"

"नाही विसरले. पण तिथं जनावर सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला मिळतं, साहेब. पोरं तेवढी तुम्ही सर्वांत कमी बोलीवाल्याला देताय."

नानासाहेबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

बालगृह चालू राहिलं. इतिवृत्तात मी लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती निविदा रद्द.' चर्चा एवढीच झाली होती.