बाराव्या आसनावरची मैना

एका राज्यात पक्षी माणसांसारखे बोलत, आणि माणसं त्यांचं बोलणं कान देऊन ऐकत. त्या राज्याच्या राजधानीत, पाणवठ्याच्या तिसऱ्या पायरीवर, एके सकाळी दोन दासी घागरी भरत होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "अमात्यांच्या केतकीचा आवाज म्हणे मैनेनं चोरला, आणि आता ती पोरगी..."

इतक्यात त्यांना वरच्या पायरीवर सगुणा भडभुंजीण दिसली. दोघींनी घागरी उचलल्या, पदर सावरले आणि त्या चालत्या झाल्या.

अर्धी गोष्ट ऐकून घरी जायचं, हे सगुणाला कधी जमलं नव्हतं. तिची भट्टी अमात्य रत्नपाळांच्या प्रासादाच्या मागच्या भिंतीला लागून होती. त्या भिंतीपलीकडे आज काय शिजलं, कोण रुसलं, कुणाचं डोकं दुखतंय, हे तिला बसल्या जागी कळे. तिच्या मनात वाकडं काही नसे. ज्या घरी कुणी आजारी असे त्या घरी न सांगता लाह्या पोचत. आणि केतकी तर तिच्या भट्टीच्या उबेला बसूनच दहा वर्षांची झाली होती.

पण केतकी गावात कुठे होती? वीस दिवसांमागे तिची पालखी वाजतगाजत मौनगिरीवर गेली होती.

मौनगिरीवर विद्येची शाळा होती. वर्षाला बारा आसनं, तेरावं नाही. राजाचा पोर असो वा कोळ्याची पोर, रीत सगळ्यांना एकच. प्रत्येक मुलानं मैनेचं एक पिल्लू पाळायचं आणि वर्षभरात आपल्या तोंडानं त्याला तीन गोष्टी शिकवायच्या. पहिली, आपलं नाव. दुसरी, आपल्या घरचं काम. तिसरी, असा एक प्रश्न ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही. मग शाळेच्या दारापाशी मैना ते बोलून दाखवी, आणि दार उघडे किंवा उघडत नसे.

सगुणाची लेक आवली यंदा दारापर्यंत जाऊन परत आली होती. तिची मैना कामाशी अडखळली, वाळू आधी तापवायची की दाणे आधी टाकायचे यात गोंधळली. प्रश्न मात्र तिनं नीट विचारला. भट्टी विझल्यावर ऊब कुठे जाते? आवलीचा क्रमांक तेरावा लागला. बारावी होती केतकी. अमात्यांच्या घरून गावभर पेढे वाटले गेले. सगुणानंही खाल्ला, आणि गोड मानला.

आता पाणवठ्यावरून परतताना तिला एक गोष्ट आठवली आणि ती वाटेतच थांबली. अमात्यांची दासी अजूनही दर दोन दिवसांनी सोललेले फुटाणे घेऊन जात होती. अमात्यांच्या दातांना फुटाणे झेपत नाहीत. अमात्यीणबाई मालवतींना त्यांचा वासही नको. मग खातं कोण?

सगुणानं सूप परत करायचं निमित्त केलं आणि मागच्या दारानं आत शिरली. कोठीच्या पलीकडच्या दालनात, खिडकीपाशी, केतकी बसली होती. सगुणामावशीला पाहून तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. सगुणानं कोपऱ्यातली पाटी पुढे केली, केतकीनं त्यावर पेन्सिल फिरवली, पाटी कोरीच राहिली.

मागे मालवती येऊन उभी होती. ओरडेल असं सगुणाला वाटलं, पण ती खाली बसली आणि सगळं सांगत सुटली. वीस दिवस कुणाला सांगायचं नाही म्हणजे काय, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

झालं होतं ते असं. केतकीची मैना काही केल्या बोलेना. अमात्यांना वाटलं, आता चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? पलीकडच्या वडाच्या बनात कुहक नावाचा मांत्रिक राहत असे. मोठ्या घरच्या पोरांच्या मैना शिकवून द्यायचा त्याचा धंदा. त्यानं घराण्याची मोत्यांची माळ घेतली, केतकीचा आवाज मैनेच्या कंठात घातला, आणि मैना अशी काही बोलू लागली की ऐकत राहावं. तिचा प्रश्न होता, आकाश संपतं तिथे काय सुरू होतं? अमात्य म्हणाले, वा. दार उघडलं की आवाज परत, असा त्यांचा समज. पण मौनगिरीचं दार चेहरा बघत नाही. ज्याच्या कंठात आवाज होता त्याला दारानं आत घेतलं, आणि ते मिटलं. पडदे सोडलेल्या पालखीतून केतकी घरी आली. बाराव्या आसनावर मैना बसली.

"वहिनी," सगुणा म्हणाली, "तुम्ही त्याच दिवशी पेढे वाटलेत."

"करायला घेतले होते," मालवती म्हणाली. "मग वाटावे लागले."

दुसऱ्या दिवशी सगुणा मौनगिरी चढली. शाळेच्या कमानीवर एक म्हातारा भारद्वाज बसलेला असे, तांबड्या डोळ्यांचा. तोच तिथला द्वारपाल. आतून पाठ ऐकू येत होता, आणि त्यात केतकीचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता. सगुणानं झरोक्यातून पाहिलं. अकरा मुलं मांडी घालून बसली होती आणि बाराव्या आसनावर मैना, मान तिरकी करून, मन लावून शिकत होती.

"तुला ठाऊक होतं?" सगुणानं विचारलं.

"दाराला विचारलं तेवढंच दार सांगतं," भारद्वाज म्हणाला.

"आवाज परत कसा मिळेल?"

"तिघं खोटं बोलली. ज्यानं जिथे खोटं सांगितलं, त्यानं तिथेच उभं राहून ते परत घ्यावं. पौर्णिमेच्या आत. पौर्णिमेला आसनं कायमची होतात आणि आवाजही."

"आणि मीच राजाला जाऊन सांगितलं तर?"

"आसन आजच रिकामं होईल. तेराव्याला बोलावणं जाईल. पण दुसऱ्याच्या तोंडून भेद फुटला तर मैना उडेल, आणि आवाज तिच्याबरोबर जाईल."

सगुणा डोंगर उतरली. राजवाड्याकडे जाणारा रस्ता आणि घराकडे जाणारा रस्ता जिथे फुटतात तिथे एक दगड आहे, त्यावर ती दुपारभर बसून राहिली. दारापासून परत आल्यावर आवली आठ दिवस नीट जेवली नव्हती. राजवाडा हाकेच्या अंतरावर होता. आणि खोटं काही सांगायचं नव्हतं, खरंच सांगायचं होतं. उन्हं कलली तेव्हा ती उठली आणि घराच्या रस्त्याला लागली. पौर्णिमेला नऊ दिवस होते.

पहिलं काम अमात्यांचं. त्यांनी भरल्या राजसभेत सांगितलं होतं, की माझ्या लेकीनं मैनेला स्वतःच्या तोंडानं शिकवलं. सगुणा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काय करायला हवं ते सांगितलं. अमात्य म्हणाले, हे अशक्य आहे. राज्याचा कारभार आहे, लोक काय म्हणतील, शिवाय अशानं राजाचाही अपमान होतो. ते बराच वेळ बोलले. सगुणानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "केतकी आपल्याला काय म्हणून हाक मारायची?"

अमात्य म्हणाले, "आबा."

"किती दिवस झाले?"

तीन दिवस अमात्यांनी दालनाचं दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी ते सभेत गेले, ज्या फरशीवर उभं राहून खोटं सांगितलं होतं तिच्यावरच उभे राहिले, आणि खरं ते सांगितलं.

राजा वयानं तरुण पण बोलायला मोजका. तो म्हणाला, "मुद्रा खाली ठेवा."

अमात्यांनी बोटातली मुद्रा काढून पायरीवर ठेवली. "आसनाचं काय, ते मौनगिरी ठरवील," राजा म्हणाला. "तुमचं मी ठरवलं. आता घरी जा."

त्याच घटकेला, खिडकीपाशी बसलेल्या केतकीला उचकी लागली. साधी उचकी, पण आवाजासकट. मालवती धावत आली, आणि पाणी द्यायचं सोडून ऐकतच राहिली.

दुसरं काम मालवतीचं. तिनं खोटं सांगितलं होतं एकवीस घरांच्या उंबऱ्यांवर, पेढ्यांचं ताट हाती धरून. आणि तेव्हापासून तिच्या पदराला एकवीस गाठी पडल्या होत्या, ज्या कुणाला सोडवता येत नव्हत्या. पातळ बदललं तरी गाठी नव्या पदरावर येऊन बसत. ती म्हणाली, मी मरेन पण हे करणार नाही. मग सकाळी न्हाऊन, रिकामं ताट घेऊन निघाली. सगुणा दोन पावलं मागे.

घराघरात मालवती एकच वाक्य म्हणे, "मी दिलेला पेढा खोटा होता, तो परत न्यायला आले आहे." काही बायकांनी आत बोलावून पाट दिला. काहींनी दार अर्धंच उघडलं. सराफांच्या सुनेनं तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "तो पेढा त्याच दिवशी जिरला, मालवतीबाई. आता परत कसा देऊ?"

"तोंडानं म्हणा, परत दिला म्हणून," मालवती म्हणाली. "तेवढं पुरे."

"बरं, दिला परत. आणि खवा जरा कमीच होता त्यात."

प्रत्येक उंबऱ्यावर एक गाठ सुटे. एकविसावं घर होतं सगुणाचं. तिथे मालवतीचे पाय अडखळले, कारण दारात आवली उभी होती. मालवतीनं आवलीकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं, आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या आधी म्हणाली, "तुझी जागा होती ती, बाळ." मग ते वाक्य म्हणाली.

आवलीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली, कारण तिला हे आठ दिवस ठाऊक होतं आणि तिनं लेकीला सांगितलं नव्हतं. आवली म्हणाली, "दिला परत," आणि आत निघून गेली.

शेवटची गाठ सुटली. भिंतीपलीकडे केतकी हसली. तिच्या पायावर मांजराचं पिल्लू चढलं होतं, म्हणून. हसणं आलं, शब्द अजून आले नव्हते.

तिसरं काम उरलं आणि पौर्णिमेला एक दिवस. सगुणा वडाच्या बनात गेली. फांद्याफांद्यांना पिंजरे लटकत होते आणि पारंब्यांमध्ये कुहक बसून मैनांसाठी डाळ भिजवत होता. दिसायला अगदी शाळेतल्या गुरुजींसारखा.

"तुझं खोटं परत घे," सगुणा म्हणाली.

"कोणतं?" त्यानं विचारलं. "मी अमात्यांना सांगितलं होतं, दार आवाज ओळखतं, चेहरा नाही. त्यांनी घाईत ऐकलं नाही. गिऱ्हाइकाशी खोटं बोललो तर माझा धंदा एक दिवस चालायचा नाही, बाई. ते काम गिऱ्हाइकं करतात."

"मग तिसरं कोण?"

"दारापाशी काय झालं, ते दारालाच विचार."

सगुणाला चढाव आठवला आणि तिचे गुडघे आधीच दुखू लागले. पण ती गेली. भारद्वाज म्हणाला, "रीतीप्रमाणे मी पालखीत विचारलं होतं, या मैनेला तूच शिकवलंस का? उत्तर मानेनं आलं. मान होकारार्थी हलली."

इतके दिवस सगुणानं ज्या पोरीसाठी पायपीट केली होती तिच्याकडेच आता बोट होतं. आणि भारद्वाजानं पुढचंही सांगितलं. जी दारापाशी खोटं बोलल्याचं कबूल करील तिला हे दार पुन्हा कधी उघडणार नाही. ना पुढल्या वर्षी, ना कधी.

अमात्यांच्या घरी जाऊन तिनं केतकीला जवळ घेतलं नाही, समोर बसवलं. जसं आहे तसं सांगितलं, दाराचंसुद्धा. "मी तुला चल म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही," ती म्हणाली. "उद्या पौर्णिमा आहे."

केतकी उठली आणि चपला घालू लागली.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे डोंगर चढले. पालखी नव्हती. अमात्य घामाघूम झाले होते आणि मालवती त्यांना मध्ये मध्ये सावलीत बसवत होती. कमानीखाली केतकी एकटी पुढे झाली. भारद्वाजानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. "या मैनेला तूच शिकवलंस का?"

केतकीनं मान नकारार्थी हलवली. एकदा हलवली, आणि भारद्वाजानं पाहिलं नसेल असं वाटून पुन्हा हलवली.

आतला पाठ मध्येच थांबला. झरोक्यातून मैना बाहेर आली, केतकीच्या खांद्यावर बसली आणि शीळ घालू लागली. नुसती शीळ, साऱ्या मैना घालतात तशी. आणि केतकी म्हणाली, "आबा, तुम्हाला धाप लागली आहे, बसा."

अमात्य बसले. त्यांना बसावंच लागलं.

मग मालवतीनं मैनेकडे हात केला आणि म्हणाली, "हिनं तुझा आवाज चोरला. हिला सोडून दे."

"चोरला नाही, आई," केतकी म्हणाली. "कुहकानं मला तीनदा विचारलं होतं, देतेस का म्हणून. मी तिन्हीदा हो म्हटलं."

"का?"

"उजाडल्यापासून पाठांतर. जेवताना पाठांतर. मला वाटलं, आवाजच नसला तर कुणी म्हणायला लावणार नाही." ती जरा थांबली. "पहिले चार दिवस फार बरं वाटलं."

भारद्वाजानं पंख झटकले आणि खाली, रस्त्याकडे पाहून, मोठ्यानं पुकारलं, "तेरावं कोण?"

आवली तिथे आली नव्हती. ती घरी भट्टीवर होती, वाळू आधी, दाणे मागून. तिला बोलावून आणायला केतकीच धावत गेली, वाटभर मोठमोठ्यानं हाका मारत.

अशी बारा आसनं पुन्हा बाराच मुलांनी भरली, मुद्रा दुसऱ्याच्या बोटात गेली, आणि त्या राज्यात पुढे कितीतरी वर्षं मैना उशिरा बोलल्या तरी चालत असे.

पाणवठ्यावर मात्र त्या दोन दासी अजून तेच सांगत होत्या, की अमात्यांच्या केतकीचा आवाज मैनेनं चोरला. सगुणा वरच्या पायरीवर घागर घासत होती. या वेळी त्या तिला पाहून उठल्या नाहीत, उलट विचारलं, खरं ना हो, सगुणाबाई?

"आवाज गेला होता, ते खरं," सगुणा म्हणाली. "चोरीचं तेवढं खोटं." आणि घागर उचलून घरी गेली.