दोन पिकअप आणि एक बोकड

“या दोन्हींतली तुझी कुठली, ते ओळख! ओळखलीस तर आत्ता घेऊन जा. चुकलीस तर दोन्ही माझ्या!”

बेलगडचे श्रीमंत अमृतराव सरकार विडा चघळत हौसाला म्हणाले. राजवाड्याच्या अंगणात दोन बुटक्या पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. तोच हिरवा रंग, तीच नवी चाकं, तेच गोल दिवे. नंबराच्या पाट्या काढलेल्या, काचांना आतून पडदे. जुळ्या बहिणींना आईनं एकाच ताग्यातली झबली शिवावीत, तशा!

सरकारांना जुन्या गाड्यांचा भारी नाद. राज्य गेलं, हत्ती गेले, पण नाद काही गेला नाही. सगळ्या गाड्यांत त्यांचा जीव या पिकअपवर. ती बनवणारी परदेशी कंपनी कधीच बुडाली होती. “अशी गाडी देशात एकच, आणि ती आमच्याकडे!” असं ते येईल त्याला ऐकवायचे. माल वाहायला केलेल्या त्या गाडीत त्यांनी कधी गवताची पेंढीसुद्धा ठेवू दिली नव्हती. सकाळ-संध्याकाळ मलमलीच्या फडक्यानं पुसायची, एवढंच तिचं काम.

आणि एके दिवशी कळलं, तशीच दुसरी गाडी माळावरच्या हौसाकडे आहे! धरण बांधायला आलेल्या परदेशी साहेबानं जाताना ती तिच्या आज्याला देऊन टाकली होती. हौसा तिच्यातून शेळ्या बाजारला न्यायची. सरकारांची झोप उडाली. “मागशील ते देतो,” म्हणून बघितलं. हौसा म्हणाली, “मग शेरडं काय तुमच्या पालखीतनं न्हिऊ?”

तेव्हा सरकारांनी गोडीगुलाबी केली. “अगं, प्रदर्शनात दोघी शेजारी उभ्या करू. रंगबिंग देऊन गुरुवारी परत!” भोळेपणानं तिनं गाडी दिली, आणि आज गुरुवारी हा तमाशा!

गुरुवार म्हणजे बाजार. गाडी नाही म्हणून हौसा शेळ्या हाकत पायीच आली होती. डोक्यावर त्यांच्यासाठी सुबाभळीच्या पाल्याचा भारा. गाडी गेली तर दर आठवड्याला डोंगर उतरून एवढी पायपीट, आणि लंगडत पोचलेल्या शेळ्यांकडे कोण बघणार? तिला रडू यायचं बाकी होतं. पण सरकारांच्या मिशीत दडलेलं हसू दिसलं आणि रडण्याऐवजी तिला राग आला.

“अटी सांगा, सरकार.”

“या रांगोळीच्या रेघेच्या आत पाय टाकायचा नाही. पिकअपला हात लावायचा नाही. कुणाला काही विचारायचं नाही. बस्स!”

“म्हंजी टेंपो लांबनंच वळखायचा.”

“टेंपो म्हणू नकोस गं तिला!” सरकार कळवळले. “विंटेज पिकअप आहे ती!”

“बरं जी,” म्हणत हौसानं भारा खाली ठेवला. एक भरघोस फांदी उपसली आणि रेघेबाहेरूनच भिरकावली. ती पडली डावीकडच्या गाडीच्या बोनेटवर.

मग काय विचारता! पुढं कोतवाल नावाचा दाढीवाला बोकड, मागं सगळा कळप. कोतवालानं उडी मारली ती थेट बोनेटवर. खुरांचा टकटकाट, नव्या रंगावर रेघोट्या. दोन करडं टपावर चढली. एका शेळीनं हौद्यात लेंड्या टाकून घेतल्या.

“सरकार! सरकार!” कारभारी दादोपंत ओरडले.

सरकार मात्र आरामात विडा चघळत होते. “खाऊ देत हो, दादोपंत! मुकी जनावरं. भूक लागते त्यांनाही.”

“लई दयाळू हायसा!” हौसा म्हणाली. तिनं दुसरी फांदी उपसली, उजवीकडच्या गाडीवर नेम धरला आणि हात उगारला...

“ए! ए! थांब! खबरदार!” सरकारांचा विडा तोंडातून उडाला. “पॉलिश आहे तिच्यावर! दादोपंत, बोकड धरा! अहो धरा!”

दादोपंत धरतायत कुठे! सरकारांनीच धोतर सावरत धाव घेतली आणि दोन्ही हात पसरून उजवीकडच्या बोनेटवर पालथे पडले. कोतवालाला वाटलं, काहीतरी खायचंच असणार. तो उतरून आला आणि सरकारांच्या फेट्याचा शेमला चघळू लागला.

हौसानं फांदी हळूच खाली ठेवली.

“सरकार, ज्याच्यावर तुमी झोपलाय, त्यो तुमचा. करडं नाचत्यात, त्यो माझा.”

“चूक! म्हणजे... बरोबर!” सरकार पडल्या पडल्याच गुरगुरले. “पण कुणाला विचारायचं नाही, अशी अट होती!”

“इचारलं कुठं? तुमीच वरडलासा!”

“आणि पहिली फांदी माझ्या गाडीवर पडली असती तर?”

“तर पैल्यांदाच वरडला असतासा. माझा तेवढा रंग वाचला असता!”

दादोपंतांनी हसू दाबायला उपरणं तोंडात कोंबलं. सरकारांनी बोकडाच्या तोंडातून शेमला ओढला, तर निम्मा हातात आला. त्याकडे ते बघत राहिले, आणि मग असे खदाखदा हसले की पोट धरून रेघेवरच बसले. रांगोळी सगळी धोतराला लागली.

“जिंकलीस, पोरी! माग, काय हवं ते!”

“राजवाड्यामागचं कुरण, शेरडांना चरायला.”

“दिलं! कायमचं दिलं! फक्त या दाढीवाल्याला माझ्या गाडीपासून लांब ठेव.” सरकार डोळे पुसत उठले. “अहो दादोपंत, बघताय काय? बाजाराची वेळ झाली. बाईंचा टेंपो बाहेर काढा!”