मोकळा भात, चिकट भात

तांदूळ बोलायचे, तेव्हाची गोष्ट. बासमती शेजारच्या डब्यातल्या इंद्रायणी तांदळाला रोज चिडवायचा, “तू शिजलास की नुसता गोळा! माझं शीत न् शीत मोकळं!”

एकदा मृदुलाताईंनी मुलांसाठी घरीच भाज्यांची सुशी करायला घेतली. मान अर्थात बासमतीला. समुद्री शेवाळाच्या कागदावर भात पसरला, काकडी-गाजराच्या लांब फोडी ठेवून गुंडाळी केली. सुरी लागताच सगळी शितं ताटभर पळाली.

“आई, ही सुशी की पुलाव?” मुलं खिदळली.

मग मृदुलाताईंनी इंद्रायणी शिजवला. त्याच्या गुंडाळीच्या चकत्या चाकांसारख्या उभ्या राहिल्या. गाजराची एकही फोड हलली नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या.

ताटाच्या कडेवरून बासमतीचं एक शीत हळूच म्हणालं, “मला घेतोस का रे?”

इंद्रायणी हसला. “ये की! बस चिकटून.”