चित्रात नसलेला कठडा

इंग्लंडातल्या एका जुन्या गावात एका ऐतिहासिक घराचं महागडं हॉटेल केलेलं होतं. मुलाने हौसेने आपल्या आईला, कुमुदिनीबाई खानोलकरांना, तिथे मुक्कामाला आणलं. दारासमोरच्या दगडी पायऱ्या चांगल्याच उंच आणि बाईंचे गुडघे दुखरे. त्यांनी मॅनेजर व्हिटकॉम्बसाहेबांना विचारलं, "धरायला एखादा कठडा बसवता येईल का?"

साहेबांनी भिंतीवरच्या जुन्या चित्राकडे बोट केलं. "मॅडम, हे आमचं घर. या चित्रात कठडा नाही. चित्रात जसं आहे, तसंच आम्ही ठेवतो." आजूबाजूचे पाहुणे हसले.

बाईंनी चष्मा लावून चित्र नीट न्याहाळलं आणि त्या खोलीत गेल्या.

सकाळी त्यांनी रोजच्यासारखी सुती साडी हाताने धुतली आणि रस्त्याकडच्या खिडकीतून खाली सोडून वाळत घातली. साहेब धापा टाकत वर आले. "साडी आत घ्या, नाहीतर खोली सोडा. घराची शोभा जाते आहे."

"खाली चला," म्हणत बाईंनी त्यांना चित्रासमोर उभं केलं. चित्रातल्या वरच्या खिडकीत कुणीतरी चादर वाळत घातली होती.

साहेब वाकून ती चादर बघू लागले.

"असं करू," बाई म्हणाल्या. "चित्रात नाही ते तुम्ही बसवा. चित्रात आहे ते मी काढते."

दुपारी सुतार येऊन कठडा बसवून गेला. बाईंनी तो धरून दोनदा चढउतार केली, मग वर जाऊन साडी आत घेतली. तोवर ती वाळलीही होती.