टुरी उंदरीनं वायर ओढली

एक होती उंदरी. एवढीश्शी. खादाड! तिचं नाव टुरी.

रोज संध्याकाळी रेवा पोळी खायची. समोर कॉम्प्युटरमध्ये आई दिसायची. आई होती लांऽऽब, कामाच्या गावी. आई म्हणायची, "आऽ कर!" रेवा आऽ करायची. पोळीची कणी खाली पडायची. ती टुरीची!

आज होती खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. आजोबांनी पाटावर विळी ठेवली. हातोडी ठेवली. वायफायचा डबासुद्धा ठेवला. "हाच रोज आईला आणतो," म्हणाले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, पुढे खोबरं ठेवलं.

टुरीच्या तोंडाला सुटलं पाणी! ती पाटावर चढली. खोबरं ओढलं. पाय डब्याच्या वायरीत अडकला. टप्प! वायर निघाली. टुरी घाबरली. दिसेल त्या भोकात वायर खुपसली. खुच्च! आणि धूम पळाली.

संध्याकाळ झाली. आई दिसेना. रेवा रडू लागली.

"अगं बाई! काय करून बसले मी!" टुरी म्हणाली.

टुरटुर टुरटुर, टुरी गेली रेवाकडे.
"रेवा, रेवा, पोळी खा ना! मला कणी मिळेना!"
"आई दिसेल, तरच खाईन. जा!"

टुरटुर टुरटुर, टुरी गेली कॉम्प्युटरकडे.
"कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, आई दाखव ना! रेवा पोळी खाईना, मला कणी मिळेना!"
"वायफाय आहे, पण नेट नाही. डबा नेट देईल, तरच दाखवीन. जा!"

टुरटुर टुरटुर, टुरी गेली डब्याकडे.
"डब्या, डब्या, नेट दे ना! कॉम्प्युटर आई दाखवेना, रेवा पोळी खाईना, मला कणी मिळेना!"
"बघ माझा लाल दिवा. वायर नेट आणील, तरच देईन. जा!"

टुर... टुर... टुरी गेली वायरीकडे. हळूच.
"वायरी, वायरी, नेट आण ना! डबा नेट देईना, कॉम्प्युटर आई दाखवेना, रेवा पोळी खाईना, मला कणी मिळेना!"
"मला भलत्याच भोकात खुपसलंस, आणि वर मलाच सांगतेस? आजोबा मला काढतील, तरच आणीन. जा!"

टुर... टुर... टुरी गेली आजोबांकडे. मान खाली.
"आजोबा, आजोबा, वायर काढा ना! वायर नेट आणेना, डबा नेट देईना, कॉम्प्युटर आई दाखवेना, रेवा पोळी खाईना, मला कणी मिळेना!"
"छे छे! मांडलेली पूजा उद्यापर्यंत हलवायची नाही. आधीच कुणी हलवली असेल, तरच हात लावीन."

आता कोण सांगणार? टुरीलाच तर माहीत! आतून रेवाचे हुंदके, हुं हुं हुं.

"आजोबा, मीच हलवली. खोबऱ्यापायी. चुकलं माझं."

"अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचंस, वेडाबाई?"

मग काय! आजोबांनी वायर काढली, नीट लावली. टक्क! वायरीनं नेट आणलं. सुळ्ळ! डब्यानं नेट दिलं. लुकलुक! कॉम्प्युटरनं आई दाखवली. टिंग!

"आऽ कर!" आई म्हणाली. रेवानं आऽ केलं. एक घास. एकच.
"किती वाट पाहिली गं सोन्या! आता कामाला जायला हवं." आई गेली.

कणी पडली. टपकन! टुरीनं उचलली. पण खाववेना.
"रेवा, माझ्यामुळे गं. माझ्यामुळे आई एवढीशीच भेटली."

रेवानं डोळे पुसले. खाली बसली. पोळीचा मोठ्ठा तुकडा मोडला.
"ये, माझ्याजवळ बसून खा."

पोळी सरली, गोष्ट सरली,
आईची आठवण तेवढी उरली.